आधीच्या सेक्रेटरींनी हो म्हटलं होतं

आमच्या सोसायटीतलं कुठलंही भांडण घ्या आणि जरा उकरत जा, तळाशी एकच वाक्य मिळतं. "आम्हाला आधीच्या सेक्रेटरींनी हो म्हटलं होतं." पॅसेजमधलं चपलांचं कपाट असो, गच्चीवर टाकलेला जुना सोफा असो, खिडकीच्या बाहेर दोन फूट काढलेलं ग्रिल असो नाहीतर स्टिल्टमधली, म्हणजे बिल्डिंगखालच्या खांबांच्या मोकळ्या तळमजल्यातली, ती कोपऱ्यातली पार्किंगची जागा, सगळ्याला परवानगी आहे. फक्त कागद नाही.

मुलुंड ईस्टला आमची बिल्डिंग, दोन विंग, स्टिल्ट अधिक सात मजले, २८ फ्लॅट, १९९३ ची. आधीचे सेक्रेटरी म्हणजे खरंच देवमाणूस हो, त्यात शंका नाही, बँकेतून रिटायर झालेले, सकाळी पाणी आलं की नाही ते बघायला स्वतः टाकीवर चढणारे. पण त्यांचं सगळं डोक्यात. कोणी जिन्यात गाठून विचारलं की "काका, एक छोटं कपाट ठेवू का बाहेर?" की ते म्हणायचे "ठेवा हो, बघू पुढे." ते "बघू पुढे" आता माझ्या वाट्याला आलंय, कारण काका मुलाकडे पुण्याला गेले आणि पुढच्या एजीएममध्ये, म्हणजे वार्षिक सभेत, सेक्रेटरी कोण होणार म्हटल्यावर सगळ्यांनी एकदम मोबाईलमध्ये मान घातली. काकांना फोन केला तर ते प्रामाणिकपणे म्हणतात, "हो म्हटलं असेन बुवा, आठवत नाही." झालं! तीच परवानगी पक्की झाली.

आता सहकार खात्याचे आदर्श उपविधी म्हणजे मॉडेल बायलॉज आहेत, मराठीत आहेत, कुठल्याही झेरॉक्सवाल्याकडे नाहीतर नेटवर मिळतात, आणि खरं सांगायचं तर सोसायटीत भांडण होऊ शकेल असा जवळजवळ प्रत्येक विषय त्यात कोणीतरी आधीच विचार करून लिहून ठेवलाय. लीकेजचा खर्च कोणाचा, पार्किंग कोणाला, भाडेकरूचं काय, कुंड्यांचं काय. सहकारी संस्थांचा कायदा १९६० चा, त्यात २०१९ ला हाउसिंग सोसायट्यांसाठी वेगळं प्रकरणच घातलं, १३-ब. पण आमच्याकडे ते पुस्तक कोणी उघडत नाही, कारण उघडलं तर आपल्याविरुद्धचं पण काहीतरी निघेल ही भीती. माझी नणंद अमेरिकेत असते, तिच्याकडे घरमालकांची ती असोसिएशन असते ना, तिथे नियम घराच्या कागदांबरोबरच नोंदवलेले असतात म्हणे, घर विकलं तरी ते नव्या मालकाच्या मागे जातात, आणि वर्गणी थकवली तर घरावर बोजा चढवतात. ती सांगत होती की गवत जास्त वाढलं म्हणून तिला पत्र आलं. मी म्हटलं पत्र आलं ना? नशीबवान आहेस, आमच्याकडे थेट व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो येतो, खाली "काही लोकांना लाज नसते" असं, आणि नाव कोणाचंच नाही. मग सात जणांना वाटतं ते आपल्यालाच म्हटलंय.

पहिली गोष्ट मी काय केली तर एक रजिस्टर आणलं, दीडशे पानी, आणि ग्रुपवर टाकलं की तक्रार यात लिहा किंवा मेल करा, ग्रुपवर लिहिलेलं कमिटीला कळवलंय असं धरलं जाणार नाही. त्यावर जो काही गदारोळ झाला! "आता काय आम्ही अर्ज करायचे का?" हो, अर्ज करायचे. बायलॉजमध्येच आहे की तक्रार लेखी द्यायची आणि कमिटीने त्यावर निर्णय घेऊन कळवायचा. गंमत म्हणजे ग्रुपवरच्या निम्म्या तक्रारी तिथेच मेल्या, कारण सही करून लिहायचं म्हटलं की माणूस विचार करतो, आपल्याला नक्की काय हवंय. "४०२ वाले बेशिस्त आहेत" असं रजिस्टरमध्ये लिहिता येत नाही. "४०२ च्या बाथरूममधून आमच्या बेडरूमच्या भिंतीत पाणी उतरतंय" असं लिहावं लागतं, आणि त्याचं काहीतरी करता येतं.

आता लीकेजबद्दल सविस्तरच बोलते, कारण मुंबईत सोसायटी चालवणं म्हणजे अर्ध्याहून जास्त लीकेजच. बायलॉजचं म्हणणं साधं आहे. टॉयलेट, बाथरूम, सिंक यांच्यामुळे घराच्या आतून होणारं लीकेज असेल तर खर्च मेंबरचा. पावसाचं पाणी, गच्ची, बाहेरच्या कॉमन पाइपलाइन, ड्रेनेज लाइन यातून होत असेल तर सोसायटीचा, अगदी वरच्या मजल्यावरच्या घराचं गच्चीमुळे पडलेलं छताचं प्लास्टरसुद्धा. वाचायला सोपं. पण भिंतीवर ओल आली की ती काही सांगत नाही मी पावसाची की नळाची. जुलैमध्ये तर खालचा म्हणतो वरच्याचं बाथरूम, वरचा म्हणतो पाऊस, सोसायटीने बघावं, आणि दोघंही माझ्या दारात.

३०२ आणि ४०२ चं हेच झालं. पूर्वी काकांनी एकदा ४०२ ला सांगितलं होतं म्हणे की हे बाहेरच्या पाइपचं आहे, सोसायटी करेल. तोंडी. त्यामुळे ४०२ वाल्यांनी तीन पावसाळे काही केलं नाही आणि ३०२ वाल्या वहिनींनी कपाट भिंतीपासून हातभर पुढे ओढून ठेवलं, त्यात साड्यांना बुरशी आली ते वेगळंच. मी दोघांना एकाच तारखेचं एकच पत्र दिलं, त्यात कोणाची चूक असं काही लिहिलं नाही, फक्त अमुक रविवारी सकाळी प्लंबर येईल, दोघांनी हजर राहावं. प्लंबरने वरच्या बाथरूमची नहाणी बोळा लावून बंद केली, रंग टाकून पाणी भरून ठेवलं, आणि बाहेरची लाइन त्या दिवशी कोरडी होती कारण मुद्दाम मे महिन्यात केलं, पावसात केलं असतं तर काहीच सिद्ध झालं नसतं. दुसऱ्या दिवशी ३०२ च्या भिंतीवर फिकट निळा पट्टा. ४०२ वाले काका बराच वेळ त्या पट्ट्याकडे बघत उभे होते आणि मग म्हणाले, "कोबा काढावा लागेल का?" काढावा लागला. फरशा फोडून ब्रिकबॅट कोबा, वॉटरप्रूफिंग, नवा नहाणी ट्रॅप, सगळं. त्या पत्राच्या मागेच तिघांनी सह्या केल्या, काय दिसलं, कोण काय करणार, कधीपर्यंत. खर्च ४०२ चा, ३०२ च्या भिंतीचं प्लास्टर आणि रंगही त्यांनीच करून दिला. वहिनी अजून बोलत नाहीत त्यांच्याशी पण ते माझ्या खात्यात येत नाही.

लोक म्हणतात रजिस्ट्रारकडे, म्हणजे सहकार खात्याच्या अधिकाऱ्याकडे, जातो. लीकेजसाठी रजिस्ट्रारकडे जाऊन काय उपयोग, बायलॉजमध्ये कुठली तक्रार कुठे न्यायची त्याची सरळ यादी दिली आहे, लीकेज, दुरुस्ती, पार्किंग वगैरे सहकार न्यायालय, अनधिकृत बांधकाम महापालिका, मारहाण धमकी पोलीस, बिल्डरशी करारावरून वाद असेल तर सिव्हिल कोर्ट, आणि रेकॉर्ड दिलं नाही, एजीएम घेतली नाही, ट्रान्सफर अडवला असलं सोसायटीच्या कारभाराचं ते रजिस्ट्रार. ही यादी मी नोटीस बोर्डावर लावली. त्यानंतर "रजिस्ट्रारकडे जाईन" हे वाक्य जरा कमी ऐकू येतं, आता "कोर्टात खेचीन" ऐकू येतं, म्हणजे प्रगती आहे.

पार्किंग. इथे मला काकांवर खरा राग आहे. स्टिल्टमध्ये ११ जागा, कंपाउंडमध्ये कसंबसं ५, गाड्या २२. त्यातल्या चार स्टिल्ट जागांवर चार मेंबरांचा हक्क, का तर त्यांनी ९३ साली बिल्डरला पैसे देऊन "विकत" घेतल्या आणि काकांनी "ते त्यांचंच आहे" असं मान्य करून टाकलं. आता २०१० मध्ये सुप्रीम कोर्टाने पांचाली सोसायटीच्या केसमध्ये स्पष्ट म्हटलंय की स्टिल्ट पार्किंग हा काही वेगळा फ्लॅट नाही, बिल्डरला तो सुटा विकता येत नाही. ती केस मुंबईचीच, दहिसरची. मी तो निकाल छापून एजीएममध्ये वाटला. चौघांपैकी एकजण, साठीच्या पुढचे, नेहमी शांत असणारे, उठून म्हणाले, "मी त्या वेळी पीएफमधून काढून दिलेत हो पैसे." आता याला काय उत्तर देणार? कोर्टाचा निकाल बरोबर आहे आणि त्यांचे पैसेही खरेच गेलेत, आणि ज्या बिल्डरने घेतले तो आता फोन उचलत नाही.

शेवटी ठराव असा झाला. एका मेंबरला एकच जागा, गाडी स्वतःच्या नावावर असेल तर, ज्याच्याकडे गाडीच नाही त्याने जागा अडवून मेव्हण्याला द्यायची नाही, मागणी जागांपेक्षा जास्त म्हणून दरवर्षी चिठ्ठ्या, दुसऱ्या गाडीला जागा उरली तरच आणि तीही एका वर्षापुरती. हे सगळं बायलॉजमध्ये आधीपासून आहेच, आम्ही काही नवीन शोध लावला नाही. एक गोष्ट मात्र आम्ही आपली घातली, पंच्याहत्तरीच्या पुढच्या आणि चालायला त्रास असणाऱ्या मेंबरला चिठ्ठ्यांच्या आधी लिफ्टजवळची जागा. सूचक कोण, अनुमोदक कोण, विरोधात किती, सगळं मिनिट्समध्ये. त्या शांत काकांनी विरोधात मत दिलं आणि ते नोंदवून घ्यायला लावलं, आणि मला ते फार आवडलं. विरोधच करायचा तर असा करावा.

चिठ्ठ्या काढल्या तेव्हा आमच्या चेअरमनची जागा गेली. त्यांनी दोन दिवस माझ्याशी फक्त "हं" एवढंच संभाषण केलं. पण त्याचा फायदा असा झाला की नंतर कोणी "कमिटीवाल्यांचं बरं आहे" म्हणू शकलं नाही. चेअरमनची गाडी आता गेटबाहेर झाडाखाली असते, कावळे रोज आशीर्वाद देतात, सगळी बिल्डिंग बघते.

मेंटेनन्सचं तर विचारू नका. पहिल्या मजल्यावरचे दरवर्षी म्हणतात आम्ही लिफ्ट वापरत नाही. नसाल वापरत, पण लिफ्टचा खर्च सगळ्यांना सारखा, सर्व्हिस चार्जेस सारखे, मोठा फ्लॅट छोटा फ्लॅट असा भेद त्यात नाही. पाण्याचं बिल मात्र घरातल्या नळांच्या संख्येवर आणि आकारावर. त्यामुळे ज्यांनी बेडरूममध्ये अजून एक बेसिन काढलंय ते नळ मोजायला कोणाला घरात येऊ देत नाहीत. थकबाकीवर व्याज जास्तीत जास्त २१ टक्के, सरळव्याज, एवढं लावता येतं, पूर्वी थकबाकीवाल्याला "१०१ लावू", म्हणजे कायद्यातलं वसुलीचं कलम लावू, म्हणून दम द्यायचे, आता ते कलम हाउसिंग सोसायट्यांसाठी १५४ब-२९ झालंय पण दम अजून १०१ चाच देतात. आमच्याकडे एक घर दीड वर्ष थकलं होतं. नोटीस काढायच्या आधी मी घरी गेले तर नवऱ्याची नोकरी गेलेली, सांगायची लाज वाटत होती. हप्ते लिहून घेतले, त्यांच्याकडून लेखी, कमिटीच्या ठरावात नोंद. काका असते तर "द्या हो सावकाश" म्हणाले असते, आणि मग पुढच्या कमिटीने येऊन त्याच माणसाला डिफॉल्टर म्हणून बोर्डावर टांगलं असतं. मला म्हणायचंय ते हेच आहे, तोंडी दया पण टिकत नाही हो. ज्याच्यावर दया करायची त्याच्या हातात कागद द्या, म्हणजे आपण गेल्यावर त्याला कोणी छळणार नाही.

भाडेकरूंचं थोडक्यात. बॅचलर नको, अमुक नको, तमुक जातीचे धर्माचे नको, हे सगळं लोकांना माझ्या तोंडून वदवून हवं असतं, लिहून द्या म्हटलं की कोणी देत नाही. का देत नाही ते त्यांनाही माहीत असतं. फ्लॅट भाड्याने द्यायला सोसायटीची परवानगी लागत नाही, आधी कळवायचं, लीव्ह अँड लायसन्सची कॉपी आणि पोलिसांना दिलेली माहिती द्यायची, आणि नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस, म्हणजे मालक स्वतः राहत नाही म्हणून घ्यायचे पैसे, सर्व्हिस चार्जेसच्या १० टक्क्यांच्या वर घेता येत नाहीत, हे २००१ पासून ठरलेलंय. ६०१ मध्ये तीन मुली राहतात, नोकरी करणाऱ्या, रात्री उशिरा येतात म्हणून एक तक्रार आली होती. मी विचारलं उशिरा येतात यात बायलॉजचा कुठला नंबर मोडला? परत काही आलं नाही. गणपतीत आरतीला त्याच तिघी सगळ्यात आधी खाली असतात.

कुत्र्यांचं अजून थोडक्यात. बहुमताने ठराव केला तरी पाळीव कुत्रं ठेवायला बंदी घालता येत नाही, लिफ्टमधून नेऊ नका म्हणता येत नाही, लिफ्टचे जास्तीचे पैसे घेता येत नाहीत, अ‍ॅनिमल वेल्फेअर बोर्डाची २०१५ ची गाइडलाइन आहे. घाण मालकाने उचलायची, बस्स. यावर माझ्याशी वाद घालायला येऊ नका, मला स्वतःला कुत्र्यांची भीती वाटते.

ती पॅसेजमधली कपाटं मात्र चिवट निघाली. मुंबईत घरात जागा किती असते ते मला काय माहीत नाही का, चपला कुठे ठेवायच्या, छत्र्या कुठे, मुलांच्या सायकली कुठे. म्हणून नियम दाखवून काही होत नव्हतं, सगळ्यांचं एकच, "आम्हाला काकांनी..." मग आगीचं निघालं. महाराष्ट्राचा २००६ चा अग्निप्रतिबंधक कायदा आहे, त्याप्रमाणे लायसन्स असलेल्या एजन्सीकडून फायरची यंत्रणा तपासून ती चालू असल्याचा दाखला, फॉर्म बी, जानेवारीत आणि जुलैमध्ये द्यायचा असतो. एजन्सीचा मुलगा आला, अगदी तरुण, त्याने काही भाषण केलं नाही, फक्त पाचव्या मजल्यावर एक स्ट्रेचर घेऊन चढला आणि वळणावर अडकला. कपाट एका बाजूला, सायकल दुसऱ्या बाजूला, स्ट्रेचर मधे. आजूबाजूची चार दारं उघडी, सगळे बघतायत, ५०३ मधल्या आजींना मागच्या वर्षी रात्री हॉस्पिटलला न्यावं लागलं होतं ते सगळ्यांच्या डोक्यात आलं असणार. कोणी काही बोललं नाही. महिन्याभरात बहुतेक कपाटं आत गेली. दोन मागे राहिली. त्यातलं एक माझ्या सख्ख्या मैत्रिणीचं होतं आणि तिला मी बाकीच्यांना दिलं तसंच पत्र दिलं, तोच मायना, तोच जावक क्रमांकाचा प्रकार, तिने ते पत्र माझ्यासमोर फाडलं आणि पुढच्या रविवारी कपाट ओएलएक्सवर विकलं. आता आम्ही परत भाजी आणायला एकत्र जातो, पण ती मला अधूनमधून "सेक्रेटरी मॅडम" म्हणते, मुद्दाम.

लोक मला म्हणतात तू फार कागदी झालीस. असेन. कमिटीचा उलटसुलट निर्णय झाला तर कायद्याने जबाबदारी आम्हा सगळ्यांची, एकत्र पण आणि वेगवेगळी पण, ते वाचल्यावर कोणीही कागदी होईल. फुकटची नोकरी, वर घरचे म्हणतात हिला घरी बस म्हणून सांगा.

आणि आता तर रीडेव्हलपमेंटचं वारं आलंय. तीस वर्षं झाली की स्ट्रक्चरल ऑडिट दर तीन वर्षांनी, आमचं झालं, कॉलम दोन-तीन ठिकाणी फुगलेत, दुरुस्ती की नवी बिल्डिंग यावर रोज जिन्यात परिसंवाद. त्यात जमीन अजून बिल्डरच्याच नावावर, सोसायटी नोंदल्यापासून चार महिन्यांत कन्व्हेअन्स करून द्यायला हवं होतं, तेही त्याने काकांना "करतो, करतो" असं तोंडीच सांगितलेलं. म्हणून आधी डीम्ड कन्व्हेअन्सचा, म्हणजे बिल्डरवाचून सरकारकडून जमीन नावावर करून घ्यायचा, अर्ज. मग सहकार कायद्याचं कलम ७९अ, त्याखालचे शासनाचे ४ जुलै २०१९ चे निर्देश, त्यात सर्वसाधारण सभेचं व्हिडिओ शूटिंग, डेव्हलपर निवडायच्या सभेला रजिस्ट्रारचा अधिकारी, किमान ५१ टक्के मेंबरांची संमती. ज्यांना दीडशे पानी रजिस्टर जड झालं होतं तेच आता विचारतात, "मॅडम, हे सगळं रेकॉर्डवर येतंय ना?"

येतंय. मागच्या आठवड्यात एका डेव्हलपरच्या माणसाचा फोन होता, फार गोड बोलतात ही माणसं, म्हणाला मॅडम कार्पेट एरिया इतका वाढवून देऊ, कॉर्पस म्हणजे एकरकमी पैसे इतके, भाडं इतकं, तुम्ही फक्त मेंबर्सच्या कानावर घालून ठेवा. मी म्हटलं जरूर घालते, लेटरहेडवर सही-शिक्क्यासकट पाठवा, बोर्डावर लावते. तो म्हणाला हो हो मॅडम, उद्याच. पत्र आलेलं नाही, फोन मात्र आता चेअरमनना जायला लागलेत, आणि चेअरमन त्यांना सांगतायत की आमच्या सेक्रेटरी बाईंशी बोला.